खुर्च्या पूर्वेकडं

सदू आचाऱ्यानं गॉगल काढला, दोन पावलं चालला आणि शेवंतीच्या कुंडीत ओकला.

मी विचारलं, काय दिसलं. त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं.

"शालन, स्टेज माझ्या नाकावर आलं. आणि हाताजवळचा खांब गेला मागच्या भिंतीत. मला वाटलं, मी मेलो."

"मेला नाहीत, काका. अजून एकदा घाला."

"तुझा मामा घालंल," म्हणाला आणि भट्टी पेटवायला निघून गेला.

मी तो डोळे झाकून आत चित्र दाखवणारा गॉगल उचलून स्वतःच्या डोळ्यांना लावला. त्याचं खरं होतं. हॉलच्या पार टोकाचं स्टेज पुढं आलं होतं आणि अगदी पुढचे खांब त्याच्या मागं उभे होते. मागच्या वस्तूला पुढच्या वस्तूनं झाकायचं असतं. इथं खांब मागं राहून स्टेजला झाकत होता. असलं काही बघायची सवय डोळ्याला नसते. आणि दुपारी हौसाआत्या येणार होत्या.

आता हे कुठलं, काय, ते सांगते. विट्याहून पलूसकडं जाताना रस्त्याला लागून आमच्या महिपतमामाचं गजलक्ष्मी मंगल कार्यालय आहे. मी मामाच्याच घरी वाढले. बारावीत दोनदा आपटले आणि मग मोबाइलवर फुकटचे व्हिडिओ बघून वेबसाइटी करायला शिकले. कोणी शिकवलं नाही, कोणी फी भरली नाही, कोणी कौतुक केलं नाही. तरी आजही प्रत्येक शहाणा पहिल्यांदा विचारतो, कॉलेज कुठलं. मी सांगते, गजलक्ष्मी. त्याला वाटतं असंल कुठलं तरी इंजिनिअरिंग.

तेव्हा मला एकच गोष्ट पाहिजे होती. कार्यालयाच्या वरची खोली. तिथं फाटक्या गाद्या आणि मोडके पाट पडलेले असायचे, पण खिडकी होती, दाराला आतून कडी होती. तिथं टेबल टाकून मी माझी कामं घेणार होते. मामाचा हिशेब वेगळा होता. भांडीकोठीवरची बाई काम सोडून गेली होती आणि मी तिथं बसावं, लग्नाआधी पातेली मोजून द्यावी आणि लग्नानंतर मोजून घ्यावी, असं त्याच्या मनात होतं. शेवटी आमचं ठरलं. हौसाआत्यांनी त्यांच्या भावाच्या मुलीचं लग्न आमच्याकडं ठरवलं तर खोली माझी. नाही ठरवलं तर सोमवारपासून मी भांडीकोठीवर.

हौसाआत्या म्हणजे काही आमच्या नात्यातल्या नव्हेत. सगळा तालुका त्यांना आत्या म्हणतो, आणि तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांच्या बोटावर ठरतात. त्या ज्या कार्यालयात लग्न करतील तिथं पुढचा हंगामभर बाकीचे रांग लावतात. पण त्यांची एक अट होती. ज्या कार्यालयाचं स्वयंपाकघर नैऋत्येला आहे त्याच्या उंबऱ्याच्या आत त्या पाऊल टाकत नसत. त्यांच्या मुलाच्या लग्नात भात कच्चा राहिला होता, विहीणबाई ताटावरनं उठल्या होत्या, आणि नंतर कोणीतरी त्यांना सांगितलं की स्वयंपाकघर नैऋत्येला होतं. आचारी पिऊन पडला होता हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण दोष दिशेचा. तेव्हापासून घोरपडे सरांनी हो म्हटल्याशिवाय आत्या कुठल्याच कार्यालयात शिरत नव्हत्या. सर म्हणजे शाळेतले निवृत्त चित्रकला मास्तर. निवृत्त झाल्यावर वास्तुशास्त्र बघायला लागले.

पाऊल न टाकता आत जायचं कसं, तर गॉगल. ही युक्ती मामाचीच. गॉगल घालून वेबसाइट उघडायची की माणूस ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या हॉलमध्ये उभा. मी सांगलीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून दोन भिंगांचा कॅमेरा मागून आणला. आपले दोन डोळे एकच गोष्ट जरा जरा वेगळी बघतात आणि त्या फरकावरून डोकं अंतर काढतं. खोटं वाटत असेल तर एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा. म्हणून फोटोही दोन लागतात, प्रत्येक डोळ्याला आपापला. मी उत्तरेच्या मोठ्या दारात उभी राहून दक्षिणेकडं तोंड करून हॉल टिपला. समोर लांब स्टेज, स्टेजवर गणपती, आणि मधे खरीखुरी पंगत बसवली होती. मामी, शेजारपाजारचे, कार्यालयातली माणसं, आणि वाढायला सदूकाका. एका फोटोचं नाव ठेवलं डावा, दुसऱ्याचं उजवा. डावा डाव्या डोळ्याला, उजवा उजव्या डोळ्याला. संपलं.

आणि काल ते चाललं होतं. काल मामानं गॉगल घालून पंगतीतल्या जिलबीला हात घातला होता आणि हवेतनं रिकामा हात परत आल्यावर खरोखर हिरमुसला होता.

रात्रीत काय झालं मला कळेना. मी एक अक्षर बदललं नव्हतं. गॉगलनं मात्र रात्री परस्पर स्वतःचं काहीतरी अपडेट करून घेतलं होतं, म्हणून मी त्या कंपनीच्या सात पिढ्या काढल्या. सगळं तपासलं. डावीकडं डावा जातोय, उजवीकडं उजवा. एक फोटो वर-खाली झालाय का ते रेषा लावून बघितलं. केसभरही हललेला नव्हता. दोन्ही फोटो एकमेकांपासून लांब सरकवले तर अख्खा हॉल लांब गेला, जवळ आणले तर अंगावर आला. पण आतला क्रम तो उलटाच. पुढचं मागं, मागचं पुढं. वैतागून दोन्ही डोळ्यांना एकच फोटो दिला. उलटी थांबली, पण मामा म्हणाला, हे तर कॅलेंडर झालं, कॅलेंडर बघायला आत्या विट्याहून कशाला येईल.

मी म्हटलं, काल रात्री कोणी हात लावला का.

मामा म्हणाला, "कोण लावणार? मला त्यातलं काय कळतंय."

आता माणूस असं बोलला की समजावं. पण मी खांबांच्या कडा बघत होते, मामाच्या तोंडाकडं बघायला वेळ नव्हता.

आत्या आल्या त्या पाण्याचा तांब्या स्वतःच्या घरचा घेऊन आल्या. बरोबर घोरपडे सर, हातात होकायंत्र. ऑफिस फाटकाजवळ, हॉलपासून वेगळं, त्यामुळं तिथं बसायला आत्यांची हरकत नव्हती. सरांनी पहिल्यांदा विचारलं की फोटो कुठल्या तोंडानं काढलाय. मी सांगितलं, दक्षिणेकडं. मग त्यांनी खुर्ची होकायंत्राला लावून बरोबर दक्षिणेकडं वळवली. म्हणाले, आत्याबाईंचं तोंड आणि चित्राचं तोंड एकाच दिशेला पाहिजे, म्हणजे दिशा खोटं बोलणार नाहीत.

आत्यांनी गॉगल घातला आणि खुर्चीचे हात घट्ट धरले.

मग त्या म्हणाल्या, स्टेज लई जवळ हाय. मग म्हणाल्या, खांब कुठं गेलेत. चेहरा जरा हिरवट व्हायला लागला. मी मनात शेवंतीच्या कुंडीपर्यंतचं अंतर मोजत होते.

सरांनी विचारलं, "आत्याबाई, स्वयंपाकघराचं दार कुठल्या अंगाला दिसतंय?"

आत्यांनी डावा हात वर केला.

सरांनी होकायंत्र बघितलं. दक्षिणेकडं तोंड, समोर डावीकडं, म्हणजे आग्नेय. अग्नीची दिशा. उत्तम, म्हणाले. इतकं उत्तम स्वयंपाकघर त्यांनी तालुक्यात बघितलं नव्हतं. मामानं मोठा श्वास सोडला आणि चहा सांगितला.

मी उभ्या उभ्या चक्रावले. आमचं स्वयंपाकघर उजवीकडं आहे. लहानपणापासून मी तिथं कांदे सोललेत. मला वाटलं, बाईंचा डाव्या-उजव्याचा गोंधळ झालाय. मोठ्या माणसांचाही होतो.

तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "महिपतराव, ही पंगत कुठल्या गावची हो?"

मामा म्हणाला, इथलीच, घरचीच माणसं.

"मग सगळी डाव्या हातानं का जेवत्यात?"

चहा घेऊन आलेला पोऱ्या थबकला. मामा थबकला. आत्यांचं चालूच. वाढपी डाव्या हातानं वाढतोय. त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईनं पदर उजव्या खांद्यावर घेतलाय. आणि स्टेजवरचा गणपती उजव्या सोंडेचा आहे. उजव्या सोंडेचा गणपती फार कडक, त्याचं सोवळं इथं पाळतं कोण, आणि त्याच्यासमोर हे डाव्या हाताचे जेवायला बसवलेत कोणी.

मी झडप घालून लॅपटॉपवर फोटो उघडला. दिवसभर मी त्याच्या रेषाच बघितल्या होत्या, माणसं बघितलीच नव्हती. हिरव्या लुगड्यातली आमची मामी, पदर भलत्याच खांद्यावर. सदूकाका डाव्या हातात पळी धरून. स्वयंपाकघराचं दार डावीकडं. फोटो आरशात धरल्यासारखा उलटा होता. दोन्ही फोटो.

आणि मग सगळं लख्ख समजलं. आरशात उजव्याचं डावं होतं. मग उलटा केलेला डाव्या डोळ्याचा फोटो हा खरं तर उजव्या डोळ्याचा झाला, आणि उजव्याचा डाव्याचा. पण नावं तीच राहिली. म्हणजे प्रत्येक डोळ्याला दुसऱ्याचाच फोटो जात होता, आणि अंतर काढणारं डोकं बिचारं नेमकं उलटं अंतर काढत होतं. मी सकाळपासून ज्या कंपनीला शिव्या घातल्या तिचा यात काही संबंध नव्हता. वेबसाइटवरचे फोटो बदलायला या घरात मी एकाच माणसाला शिकवलं होतं.

"मामा," मी म्हटलं, "हॉल तुम्ही उलटा केला."

मामानं डोळ्यांनी खुणावलं, गप. मी गप बसणारी नाही, हे त्याला मी तिसरीत होते तेव्हापासून माहीत आहे. मी सगळ्यांसमोर विचारलं, कधी केलं. तो पुटपुटला की रात्री, मोबाइलवर, फोटो फिरवायचं एक बटण असतं. स्वयंपाकघर नैऋत्येतनं आग्नेयेत जातंय का ते बघितलं. गेलं. मग कशाला सोडायचं.

"हे खोटं आहे."

"आरशात केस विंचरतो तेव्हा आपण खोटं बोलतो काय?" मामा म्हणाला. "तोच हॉल हाय. तेच खांब. फक्त जरा वळवून."

आत्यांनी अजून गॉगल काढला नव्हता. आत बसूनच म्हणाल्या, जे काय खरं असेल ते दाखवा, मला मळमळतंय.

मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. नुसती डोळ्यांची अदलाबदल केली असती तरी खांब पुढं आणि स्टेज मागं गेलं असतं, स्वयंपाकघरही आग्नेयेतच राहिलं असतं. पण पंगत डावखुरी ती डावखुरीच, आणि गणपती कडक. मी जुने फोटो परत चढवले आणि गॉगल नव्यानं चालू केला.

आत्यांनी एकदम पाय वर घेतले. सदूकाका वाढत वाढत पंगतीतनं पुढं येतोय असं फोटोत होतं आणि त्याचा पाय पडेल म्हणून त्यांनी आपले सावरले. मग हळूच एक हात पुढं केला आणि खांब चाचपायला लागल्या. तोंडावर असं हसू आलं की मला वाटलं, या बाईला कच्च्या भाताच्या आधी असंच हसता येत असणार. हॉल मोठाय, म्हणाल्या. हवेशीर आहे. मामीचा पदर जागेवर आला म्हणाल्या, आणि गणपती आपला घरगुती.

सरांनी घसा खाकरला. "स्वयंपाकघर?"

आत्यांनी उजवा हात वर केला. आणि तो तसाच वर राहिला, कारण त्यांनाही कळलं.

"नैऋत्य," सर म्हणाले.

झालं. आत्यांनी गॉगल काढून टेबलावर ठेवला, घरचा तांब्या उचलला, चपला शोधायला लागल्या. मामा माझ्याकडं बघून आवाज न करता एकच शब्द बोलला. भांडी. मला डोळ्यांसमोर पातेल्यांची उतरंड दिसली आणि माझं डोकं फिरलं. सकाळपासून एका माणसाच्या बटणापायी मी डोळे फोडून घेतले, आणि आता एका बाईचा हात कुठल्या बाजूला वर गेला यावर माझं आयुष्य ठरणार. राग आला की मला माणसाचं वय दिसत नाही. मी आत्यांच्या खांद्याला धरून त्यांना परत खुर्चीत बसवलं आणि बाई, तांब्या, खुर्ची असं सगळं फरफटत पूर्वेकडं वळवलं.

"सर, तुम्हाला आग्नेय पाहिजे ना? हे घ्या आग्नेय."

गॉगल आत्यांच्या डोळ्यांवर चढवला. त्याला एक बटण असतं, ते दाबून धरलं की तुमचं तोंड असेल तिकडं चित्राचं तोंड होतं. मी दाबलं. आत्यांसमोर परत तोच हॉल, तेच लांबचं स्टेज, तेच स्वयंपाकघर उजवीकडं.

"आता हात वर करा, आत्या."

त्यांनी उजवा हात वर केला. पूर्वेकडं तोंड, समोर उजवीकडं. सरांनी होकायंत्र बघितलं. दोनदा बघितलं. एकदा झटकून बघितलं.

"आग्नेय," म्हणाले.

मी त्यांची चेष्टा केली होती. एवढंच दाखवायचं होतं की खुर्ची फिरवल्यावर जी फिरते ती दिशा बघून लग्न मोडायचं नसतं. माझी अपेक्षा होती की सर ओशाळतील, आत्या हसतील किंवा मला एक थोबाडीत देतील. पण त्या ऑफिसात जी शांतता पसरली ती देवळातल्यासारखी होती.

आत्यांनी गॉगल काढला. "म्हंजे तोंड पूर्वेला असलं की स्वयंपाकघर आग्नेयेला जातं."

"जातं," सर म्हणाले. "आपण स्वतः बघितलं."

मी म्हटलं, अहो, चित्र वळतं खुर्चीबरोबर. खरा हॉल वळत नाही. खऱ्या हॉलमध्ये बसून तुम्ही गरगर फिरला तरी स्वयंपाकघर आहे तिथंच राहणार, त्याला पाया आहे, वर स्लॅब आहे.

सर माझ्याकडं प्रेमानं बघत म्हणाले, "पोरी, शेवटी बघणाऱ्याचं तोंड महत्त्वाचं. कर्त्याची दिशा. हे ग्रंथात आहे, पण तुझ्या यंत्रानं ते डोळ्यांना दाखवलं." आणि त्यांनी तिथंच निकाल दिला. लग्नाची सगळी मंडळी पूर्वाभिमुख बसवावी. दोष राहत नाही.

मी तोंड उघडलं. टेबलाखाली मामानं माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. मग बोटानं छताकडं दाखवलं. वरची खोली.

मी तोंड मिटलं. मला ओळखणारे लोक ही गोष्ट मानत नाहीत.

लग्न झालं. आमचं स्टेज दक्षिणेला आणि खुर्च्या सगळ्या पूर्वेकडं. शेकडो माणसं एका रिकाम्या भिंतीकडं तोंड करून बसली आणि नवरानवरी बघायला माना उजवीकडं पिळून घेतल्या. मंगलाष्टका संपल्या तेव्हा लोकांनी अक्षता बसल्या जागेवरून आडव्या फेकल्या आणि त्या शेजाऱ्याच्या कानात गेल्या. व्हिडिओत अख्ख्या गावाचा एकच कान दिसतो. पंगतही पूर्वेकडं तोंड करून, पण तिथं कोणाला त्रास झाला नाही, कारण ताट समोरच होतं. भात मऊ शिजला होता. सदूकाका पीत नाही. विहीणबाईंनी दोनदा मागून घेतला आणि आत्यांनी तो भात सगळ्या तालुक्याला सांगितला.

त्यानंतर लोक यायला लागले ते गॉगल बघायला नाही. त्यांना पूर्वेच्या खुर्च्या पाहिजे होत्या. पुढच्या हंगामात तर मामानं त्या जमिनीला बोल्टनं बसवून टाकल्या, म्हणजे पाहुण्यांनी सरकवायला नकोत. मी म्हटलं, निदान स्टेज तरी पूर्वेला हलवा, लोकांच्या माना मोडतील. मामा दचकला. म्हणाला, आत्यांच्या भाचीच्या लग्नात स्टेज दक्षिणेलाच होतं.

याला आता बरीच वर्षं झाली. आत्या थकल्या, सर गेले. मी वरच्या खोलीत आहे. खिडकी आहे, कडी आहे, भिंतीवर तो गॉगल खिळ्याला टांगलाय. खोली नेमकी स्वयंपाकघराच्या डोक्यावर आहे, त्यामुळं माझ्या कॉम्प्युटरला कायम फोडणीचा वास येतो. माझं टेबल मी मुद्दाम पश्चिमेकडं तोंड करून लावलंय.

मागच्या महिन्यात खाली एक लग्न होतं. मी जिन्यात उभी होते. पुण्याकडचा एक पाहुणा मान चोळत शेजारच्या म्हाताऱ्याला विचारत होता की खुर्च्या अशा आडव्या का. म्हातारा मान न वळवता म्हणाला, "ह्या भागात पहिल्यापासून असंच हाय. पूर्वजांनी काहीतरी बघूनच केलं असंल की."

मी वरूनच ओरडले, पूर्वज कसले, ते मी केलंय. पाहुण्यानं वर बघितलं. म्हातारा त्याला समजुतीच्या सुरात म्हणाला, तिच्याकडं लक्ष देऊ नका, ती मालकाची भाची आहे, तिला सगळ्याचाच राग.

दारात स्वागताला आता अत्तर, पेढा आणि एक मलमाची डबी ठेवतात. आत येतानाच लोक बोटभर घेऊन मानेच्या उजव्या अंगाला लावतात आणि नमस्कार करून पुढं जातात. ते मलम मात्र माझं नाही.